बैलाचे कातडे आणि वारल्याचे राज्य

मराठी कादंबरी जन्मली तीच धर्मसत्तेला जाब विचारत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली आणि विधवांचे हाल छापील कथेत उतरले. पुढे हरिभाऊ आपट्यांची यमू आली. केशवपनाविषयीचे आपले मत धर्मग्रंथांपेक्षा या दोन यमुनांनीच अधिक घडवले. त्यामुळे कथा नेहमी सत्तेच्या विरुद्ध बाजूला उभी असते, असा माझा समज होता. तो तलासरीतल्या एका वर्गात मोडला.

मी तेव्हा इतिहास शिकवीत असे. जव्हार संस्थानाची जन्मकथा रंगवून सांगत होतो. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरात ती नोंदलेली आहे. हा मुलूख एका वारली राजाकडे होता. मुकणे घराण्याच्या कोळी मूळपुरुषाला देवस्थानी भिक्षेकऱ्यांनी राजा होण्याचा आशीर्वाद दिला. त्याने वारली राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजा हो म्हणाला. मग त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या जोडून सारा मुलूख वेढला आणि राज्य घेतले. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक वारली मुलगा मात्र हसला नाही. “मग आमचा राजा येडा होता का, गुरुजी?” त्याने विचारले. मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हीच युक्ती रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात कार्थेजची राणी डिडो करते. म्हणजे कातडे जव्हारचेच असेल असे नाही. ती एक फिरती कथा आहे. पण इथे तिने नेमके काम केले. साधूच्या आशीर्वादाने नव्या सत्तेला पुण्य लाभले आणि जमीन गमावणाऱ्याच्या पदरी भोळेपणा पडला. तलवारीचा उल्लेखही करावा लागला नाही. पुढे कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून ‘भोळा आदिवासी आणि लबाड भगत’ ही जोडी वाचताना, पाहताना आपल्याला ती ओळखीची वाटते, यात अशा कथांचा वाटा आहे.

रचलेल्या गोष्टीची किंमत या भागाने प्राणांनीही मोजली. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोदावरीबाई परुळेकर येणार, अशी थाप पसरवून लोकांना गोळा करण्यात आले. पोलिसांना मात्र दंगलीची वर्दी गेली. गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. इथेही एका बाजूला भोळे आणि दुसऱ्या बाजूला हिंस्र, असा दुहेरी वारली आधीच लोकांच्या मनात तयार होता. म्हणूनच ती थाप खपली, असे मला वाटते.

पण याच मुलखात उलट काम करणारी कथाही आहे. डहाणूची महालक्ष्मी मूळची मुसळ्या डोंगरावरची. एक गरोदर आदिवासी बाई रोज वर चढून तिची पूजा करी. एके दिवशी वाटेत तिला घेरी आली. तेव्हा देवी म्हणाली, तू येऊ नकोस, मीच पायथ्याशी येते. विवळवेढ्याचे देऊळ त्यातून झाले, असे सांगतात. या गोष्टीत देवी राजासाठी नाही, एका दमलेल्या बाईसाठी खाली उतरते. देवस्थानावर आदिवासींचा हक्क कुठून आला, याची ही सनदच म्हणायची. चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा आदिवासी पुजारी ध्वज घेऊन डोंगर चढतो. तो ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याचा असतो. कातड्याच्या कथेतले राजघराणे आणि घेरी आलेल्या बाईचे लोक, दोघेही त्या एका ध्वजात येतात. पण तो वर नेण्याचा मान कोणाचा, हे बाईची गोष्ट ठरवते.

त्या मुलाचे उत्तर देणे मात्र राहूनच गेले. आज दिले असते ते असे: तुझा राजा येडा नव्हता, बाळा. त्याची गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली, आणि त्या दिवशी ती सांगणारा मी होतो.