आरोग्य विमा योजनांतील लोकसहभाग (चंद्रपूर–गडचिरोली)

सार्वजनिक आरोग्य विमा योजनेचे नियम ठरवताना सभासदांना मिळणारा वाटा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर विमा एकाच वेळी आला नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता, पण नदीच्या अलीकडच्या तीरावरील सावली तालुक्याला (जि. चंद्रपूर) ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. रुग्णालयातला आरोग्यमित्र कार्डधारकाला मदत करतो, पण उपचारांची यादी राज्य पातळीवर ठरते.

विदर्भातच याहून धाडसी दाखला आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने वर्धा जिल्ह्यात ज्वारीच्या रूपात वर्गणी घेणारी विमा योजना चालवली. सुगीत, ज्याची जशी ऐपत तशी ज्वारी जमा होई. गावातली बहुतांश कुटुंबे आली तरच गाव सामील होई. दुर्बलांना सबळांनी सांभाळावे, हे तत्त्व गावाने स्वतः पेलले.

विम्याबाहेरही लोकांचे मत घेतल्याचे दाखले आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने आदिवासींना विचारून रुग्णालय झोपड्यांच्या धर्तीवर बांधले. रुग्णालयाला दिलेले दंतेश्वरी देवीचे नावही त्यांच्याच श्रद्धेतले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुढे ती चंद्रपूर व गडचिरोलीत पोहोचली. या देखरेखीतल्या जनसुनवाईत गावकरी अधिकाऱ्यांना थेट जाब विचारतात. सिकलसेल आणि सर्पदंश सोसणाऱ्या या भागातल्या ग्रामसभांचे मत विम्याची उपचारयादी ठरवतानाही घेतले गेले पाहिजे.