डुंकर, १९४५: एका संदर्भामागचा माणूस

‘पीएचडी करतोयस ते ठीक, पण म्हणजे नक्की काय करतोस?’ मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत मावशींनी विचारलं. मी उत्तर न देता त्यांना कोडं घातलं. टेबलावर बरंच सटरफटर सामान आहे. त्यात पुठ्ठ्याच्या तीन छोट्या डब्या: एकीत मेणबत्त्या, दुसरीत ड्रॉइंग पिना, तिसरीत काड्या. दारावर, डोळ्यांच्या उंचीला, तीन मेणबत्त्या उभ्या करायच्या. कशा कराल?

मावशी म्हणाल्या, ‘मेण वितळवून चिकटवायच्या.’ बहुतेकांना हेच सुचतं, आणि ते टिकत नाही. उत्तर असं, की डब्या रिकाम्या करायच्या, पिनांनी दारावर ठोकायच्या आणि त्यांच्यावर मेणबत्त्या उभ्या करायच्या. ‘हात्तिच्या! डब्या तर समोरच होत्या की!’ मावशी म्हणाल्या. माझं संशोधन या ‘समोरच होत्या की’बद्दल आहे.

हे कोडं कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं. जन्म १९०३चा, लाइपझिगचा. बर्लिनमध्ये तो कोहलर आणि वेर्टहायमर यांच्याकडे शिकला. त्याने हा प्रयोग दोन प्रकारे केला. एका गटाला डब्या रिकाम्या दिल्या, दुसऱ्याला भरलेल्या. रिकाम्या डब्या मिळालेल्या सातही जणांना उत्तर सापडलं. भरलेल्या डब्यांच्या गटात मात्र सातातल्या तिघांनाच. सामान तेच, प्रश्न तोच. फरक एवढाच, की डबी आधीच ‘वस्तू ठेवायची जागा’ म्हणून कामाला लागलेली होती, त्यामुळे ती ‘फळी’ म्हणून दिसेना. डुंकरने याला जर्मनमध्ये जे नाव दिलं त्याचा सरळ अर्थ ‘कामाशी बांधलेलं असणं’. आज आपण फंक्शनल फिक्सेडनेस म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, अरे, सात माणसं? माझ्या गाइडनी पहिल्याच बैठकीत हेच विचारलं होतं. शंका रास्त आहे. पण १९५२ साली अ‍ॅडमसनने हाच प्रयोग ५७ जणांवर पुन्हा केला. रिकाम्या डब्यांच्या गटात ८६ टक्के यशस्वी, भरलेल्यांच्या गटात ४१ टक्के. म्हणजे डुंकरचं निरीक्षण टिकलं.

सगळ्यात गंमत (की वैताग?) पुढच्या टप्प्याची. १९६२ साली ग्लक्सबर्गने काही जणांना लवकर सोडवल्यास पैसे मिळतील असं सांगितलं. भरलेल्या डब्यांच्या रूपात पैशांच्या आशेने लोक हळू झाले. व्यवस्थापनाच्या कार्यशाळांमध्ये गोष्ट इथेच थांबते, आणि निष्कर्ष निघतो की ‘पैशाने सर्जनशीलता मरते’. पण डब्या रिकाम्या होत्या तेव्हा त्याच पैशांनी लोक वेगवान झाले होते! वाट दिसत असेल तर घाई उपयोगी पडते. वाट दिसत नसेल, तर माणूस चुकीच्या वाटेवरच जोरात पळतो. अर्धा निकाल सांगणं म्हणजे निकाल न सांगणंच.

डुंकरची स्वतःची गोष्ट तर कुणीच सांगत नाही. त्याचे आईवडील, कॅथे आणि हेरमान, जर्मन कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी होते. त्याची पूर्वीची पत्नी ज्यू होती. नाझी राजवटीत एवढं पुरेसं होतं. वेर्टहायमर १९३३ सालीच देश सोडून गेला होता. १९३५ साली डुंकरचं फलदायी विचारप्रक्रियेवरचं जर्मन पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी बर्लिनमधला त्याचा रस्ता बंद झाला. विद्यापीठात शिकवायला लागणारी पुढची पात्रता त्याला मिळू दिली नाही. मग तो केंब्रिजला गेला, आणि १९३८ साली अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात, कोहलरकडे. आधीपासून नैराश्याने ग्रासलेल्या डुंकरने फेब्रुवारी १९४० मध्ये आत्महत्या केली. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला १९४५ साली. म्हणून जगभरच्या शोधनिबंधांत ‘डुंकर, १९४५’ असा संदर्भ सापडतो. माझ्याही पहिल्या मसुद्यात तसाच होता, चांगला अकरा ठिकाणी. मला दोन वर्षं वाटत होतं, की हा माणूस युद्धानंतर कुठल्यातरी अमेरिकी प्रयोगशाळेत निवांत बसून लिहीत असेल. संदर्भ म्हणजे कंसात टाकायची गोष्ट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या कंसात एक माणूस आहे हे दिसलंच नाही. डबीसारखंच झालं की हे!

मूळ वर्ष दिल्याने निष्कर्ष काही बदलत नाहीत. पण हे काम बर्लिनमध्ये, कुठल्या दिवसांत झालं, ते वाचणाऱ्याला कळतं. नव्या मसुद्यात मी अकराही ठिकाणी ‘१९३५/१९४५’ केलं आहे. गाइडनी विचारलं तर सांगायला कारण आहे.