ख्रिसमसच्या ताटातले उपरे

मंडळी, गेल्या डिसेंबरात मी ऑनसाईट इंग्लंडात होतो. टीमच्या ख्रिसमस लंचचा मेन्यू ठरवायला एक साधी मेल फिरली आणि बघता बघता त्या थ्रेडला चाळीसच्या वर उत्तरं आली. प्रॉडक्शन सर्व्हर झोपलेला असताना ही माणसं एवढ्या तत्परतेने कधी उत्तरं देत नाहीत! भांडणाचा मुद्दा होता यॉर्कशायर पुडिंग. (हे गोड नसतं बरं का. मैदा, अंडी, दूध यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये फुगवलेली पोकळ वाटी असते.) एका पार्टीचं म्हणणं, ते बीफबरोबर खायचं, टर्कीच्या ताटात त्याचं काय काम? दुसऱ्या पार्टीचं म्हणणं, आमच्या घरी नेहमी असतंच. आणि दोन्ही पार्ट्यांच्या हातात एकच हत्यार, 'ट्रॅडिशनल'.

आता आपण पडलो इतिहासाचे किडे. वीकएंडला लायब्ररीत बसून त्या ताटातल्या एकेका पदार्थाची कुंडली काढली, आणि यॉर्कशायर पुडिंग बिचारं फारच निरुपद्रवी वाटायला लागलं. ते निदान जन्माने तरी इंग्लिश आहे!

सुरुवात ताटाच्या राजापासून. टर्की हा मेक्सिकोचा पक्षी. तिथल्या लोकांनी तो कित्येक शतकं आधीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात आणला. इंग्लंडात त्याचं श्रेय परंपरेने यॉर्कशायरच्या विल्यम स्ट्रिकलंड या खलाशाला देतात. खरं-खोटं काही असो, पण 1550 साली त्याला जे घराण्याचं मानचिन्ह मिळालं त्यावर टर्कीचा नर आहे. त्याच्या बॉइंटन गावच्या चर्चमध्ये बायबल ठेवायच्या घोडीवर सहसा असतो तसा गरुड नाही, टर्की आहे!

नावाचा घोळ तर त्याहून भारी. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडून, तुर्की मुलखातून व्यापारी जे काही आणत ते इंग्रजांना 'तुर्की'च वाटायचं, म्हणून हा पक्षी टर्की. खुद्द तुर्कस्तानात त्याला म्हणतात 'हिंदी'. फ्रेंच लोक 'दँद' म्हणतात, म्हणजे 'हिंदुस्थानची'. डच लोकांनी तर थेट आपलं कालिकत गाठलं, त्यांचा शब्द 'काल्कून'. आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. थोडक्यात, हा पक्षी आपला नाही, दुसऱ्या कुणाचा तरी आहे, एवढं सगळ्यांना नक्की माहीत होतं. पत्ता मात्र प्रत्येकाने वेगळा लिहून ठेवला.

हिंदुस्थानात तो आला गोव्यामार्गे. 1612 साली जहांगीर बादशहाच्या सांगण्यावरून मुकर्रबखान गोव्याला गेला आणि पोर्तुगीजांकडून दुर्मिळ चिजा विकत घेऊन आला. त्यात एक टर्की होता. बादशहा बेहद्द खूष. आपल्या आठवणींत त्याने त्या पक्ष्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे कसे बदलतात तेही नोंदवून ठेवलंय. नुसतं वर्णन पुरेसं नाही म्हणून चित्रंही काढायला लावली. उस्ताद मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे. म्हणजे इंग्लंडातला साधा माणूस टर्कीला हात लावायच्या कितीतरी आधी आग्र्याच्या दरबारात त्याचं पोर्ट्रेट तयार होतं. (हे मी त्या थ्रेडवर टाकलं नाही. ऑनसाईट माणसाने जपून राहावं.)

कारण साधा माणूस टर्की खातच नव्हता. 1573 साली थॉमस टसरने शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पद्यात ख्रिसमसच्या जेवणात टर्की येतो खरा, पण इतर अनेक मांसांच्या रांगेतला एक म्हणून. बड्या घरच्या मेजवानीत मान असायचा रानडुकराच्या मुंडक्याचा. लंडनकर सॅम्युएल पेपिसच्या प्रसिद्ध डायरीत 1662 च्या ख्रिसमसचं जेवण नोंदवलंय. बायको आजारी, म्हणून तिच्या पलंगाशेजारी बसून जेवला. काय जेवला? मनुकांची लापशी, भाजलेली कोवळी कोंबडी, आणि बायकोला करणं शक्य नव्हतं म्हणून बाहेरून मागवलेला मिन्स पाय. होम डिलिव्हरी! टर्कीचा पत्ता नाही. पुढे 1720 च्या दशकात डॅनियल डिफोने (हो, रॉबिन्सन क्रूसोवाला) लिहून ठेवलंय की सफोक-नॉर्फोककडून लंडनला टर्कीचे कळप चालवत नेतात. एका हंगामात एकाच पुलावरून 300 कळप, प्रत्येकात 300 ते 1000 पक्षी. त्याने स्वतःच सरासरी 500 धरून दीड लाखाचा हिशेब मांडलाय. कपॅसिटी प्लॅनिंग असं करावं. पण हे सगळे चालले होते लंडनच्या पैसेवाल्यांच्या ताटाकडे.

गरिबाचा पक्षी होता हंस, म्हणजे गूज. तोही परवडायचा नाहीच, मग त्यासाठी 'गूज क्लब' असत. आपल्याकडची भिशीच ती! गुत्त्याच्या मालकाकडे दर आठवड्याला चार पैसे टाकायचे आणि ख्रिसमसला हंस घरी न्यायचा. शेरलॉक होम्सची निळ्या माणकाची गोष्ट वाचली असेल तर त्यातला चोरीचा खडा अशाच एका क्लबाच्या भानगडीतून हंसाच्या पोटात सापडतो. बरं, हंस मिळाला तरी भाजणार कुठे? एका खोलीत राहणाऱ्यांकडे ओव्हन कुठला! मग तो नेऊन द्यायचा बेकरीवाल्याकडे. आपल्याकडे दिवाळीला तूप-साखर-पीठ घेऊन नानकटाई भाजायला बेकरीच्या भट्टीवर रांग लागायची ना, अगदी तसं. डिकन्सच्या 'ख्रिसमस कॅरल'मध्ये (1843) क्रॅचिट कुटुंबाचा हंस बेकरीतूनच भाजून येतो. आणि शेवटी मन पालटलेला स्क्रूज त्यांना काय पाठवतो? दुकानातला सगळ्यात मोठा टर्की. त्या काळच्या वाचकाला त्याचा अर्थ बरोबर कळत होता. हंस म्हणजे काटकसर, टर्की म्हणजे श्रीमंती.

पण त्याआधी एक असाही काळ होऊन गेला की ख्रिसमसच बंद होता. 1640 च्या दशकात प्युरिटनांच्या हातात सत्ता आली. बायबलमध्ये ख्रिसमस साजरा करा असं कुठेही सांगितलेलं नाही, सबब ही खादाडी पाखंड आहे, असं त्यांचं म्हणणं. 1644 साली 25 डिसेंबर नेमका महिन्याच्या उपवासाच्या बुधवारी आला, तर पार्लमेंटने उपासच पाळायला सांगितला. जून 1647 मध्ये सणच रद्द. त्या वर्षी कँटरबरीच्या महापौराने फर्मान काढलं की 25 डिसेंबरला बाजार नेहमीसारखा भरेल. लोकांनी उघड्या दुकानांवर हल्ला केला, रस्त्यात फुटबॉल खेळले, दाराला हॉलीच्या फांद्या लावल्या आणि शहर काही काळ ताब्यात घेतलं. 'प्लम पुडिंग दंगल' असं आज त्याला गमतीने म्हणतात. पण पुढच्या वसंतात याच लोकांवर खटला भरायला ज्यूरीने नकार दिला आणि त्यातून अख्ख्या केंट परगण्यात बंड उठलं. 1648 च्या दुसऱ्या यादवी युद्धातलं ते एक मोठं प्रकरण. सण पुन्हा कायदेशीर झाला तो 1660 मध्ये राजा परत आल्यावर. स्कॉटलंडमध्ये तर चर्चचा विरोध इतका मुरला की ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी मिळायला 1958 साल उजाडलं. ताटात काय असावं या भांडणात लोकांची डोकी फुटलीयेत, आमचा मेल थ्रेड कुठे लागतो!

मिन्स पाय म्हणजे तर लेगसी कोडचा आदर्श नमुना. आज त्यात मनुका, सफरचंद, मसाले असतात. 'मिन्स' म्हणजे खिमा तर औषधालाही नाही. पूर्वी होता. मटण नाहीतर गुरांची जीभ, सोबत सुका मेवा आणि मसाले. 1747 च्या हॅना ग्लासच्या पुस्तकात मांस हा ऑप्शन झालाय, हवं तर घाला. पुढे मांस पार गेलं आणि उरली ती सुएट, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडांभोवतीची चरबी. मूळ फीचर काढून टाकलं पण डिपेंडन्सी तशीच राहिली. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी डब्यावर 'व्हेजिटेबल सुएट' लिहिलेलं बघूनच घ्यावा, फक्त सुका मेवा आहे म्हणून हाणू नये.

ख्रिसमस पुडिंगची गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करून गेली. मूळ त्या पेपिसच्या लापशीचं. ती घट्ट होत होत फडक्यात बांधून उकडायचा तोफगोळा झाली. प्लम पुडिंग म्हणायचं, पण त्यात प्लम नसतात. जुन्या इंग्रजीत प्लम म्हणजे मनुकासुद्धा. बारीक काळ्या मनुकेला करंट म्हणतात, ते ग्रीसच्या कोरिंथ शहराचं बिघडलेलं नाव. आणि साखर? ती कॅरिबियन बेटांवरची, गुलामांनी पिकवलेली. 1791-92 च्या सुमाराला ब्रिटनमध्ये हजारो घरांनी ही साखर बंद केली. त्यातल्या काहींनी पर्याय म्हणून हिंदुस्थानची साखर घेतली, आणि 1820 च्या दशकात 'ही गुलामांनी बनवलेली नाही' असं छापलेली साखरेची भांडीही मिळायची. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी काही इंग्लिश घरांत पुडिंगची साखर कुठून आली हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारला जात होता.

आणि मग शंभर वर्षांनी त्याच पुडिंगची जाहिरात झाली! पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात द्राक्षमळे वाढले होते, आणि ब्रिटिश बायका मनुका घ्यायच्या ग्रीस-तुर्कस्तानच्या. तेव्हा साम्राज्यातलाच माल घ्या असं सांगायला 1926 मध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्ड नावाचं सरकारी खातं निघालं, आणि 1927 मध्ये राजाच्या आचाऱ्याकडून 'एम्पायर ख्रिसमस पुडिंग'ची पाककृती मिळवून त्यांनी ती देशभर वाटली. करंट ऑस्ट्रेलियाचे, दालचिनी सिलोनची, लवंग झांजीबारची, रम जमैकाची. हिंदुस्थानच्या वाट्याला आला चमचाभर मसाला! 1927 साल म्हणजे सायमन कमिशन नेमलं ते साल. तिकडे एकही हिंदी माणूस घेतला नव्हता, त्या मानाने पुडिंगमध्ये निदान चमचाभर जागा मिळाली म्हणायची. शेकडो वर्षं ग्रीसच्या मनुकांवर चाललेला पदार्थ एका मार्केटिंग कँपेनने 'साम्राज्याची परंपरा' करून टाकला. बोर्ड 1933 मध्ये बंद पडलं.

हसायचं काम नाही, आपणही काही वेगळे नाही. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा (नावही पोर्तुगीज), मिरची अमेरिकेची. कोलंबसाच्या आधीचं त्यात काय, तर जिरं, तूप आणि मीठ. तरी कांदा घातला तर आजी उपास मोडला म्हणणार!

टर्की घरोघरी पोचला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1940 ते 1954 रेशनिंग होतं, त्या काळात पुडिंगमध्ये गोडीला गाजर किसून घालत. 1950 मध्ये बर्नार्ड मॅथ्यूज नावाच्या नॉर्फोकच्या पोराने बाजारातून टर्कीची वीस अंडी आणि एक जुना इनक्युबेटर घेतला. त्यातून पुढे अवाढव्य पोल्ट्री उद्योग उभा राहिला. टर्की स्वस्त झाला, फ्रिज आले. म्हणजे बहुतेक ब्रिटिश कुटुंबांत टर्कीची 'अनादि' परंपरा आजी-पणजीपलीकडे जात नाही. जपानात 1974 च्या जाहिरातीपासून लोक ख्रिसमसला केएफसीची कोंबडी खातात, त्यावर हे ब्रिटिश हसतात, म्हणून सांगितलं.

राहता राहिले ब्रसेल्स स्प्राउट्स, ती कोबीची कडू पिल्लं. आमच्या ऑफिसात कुणालाच आवडत नाहीत आणि मेन्यूतून काढा असंही कुणी म्हणालं नाही. नव्वदच्या दशकात नेदरलंड्समध्ये त्यातली कडू संयुगं नेमकी शोधून काढली आणि कमी कडू वाण तयार केले. म्हणजे आजोबा ज्या भाजीला शिव्या द्यायचे ती आणि नातू जिला देतो ती, एकच भाजी नाही. नातवाला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.