नाणेघाटातील अक्षरे आणि अंक

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरचे लेणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा शिलालेख तेथे आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांच्या संख्या त्यात अंकचिन्हांनी कोरल्या आहेत. अक्षरे आणि अंक एकाच भिंतीवर आहेत. पण मेंदू ते एकाच वाटेने वाचतो का?

याचे उत्तर रुग्णांकडून मिळाले. १८६१ साली पॉल ब्रोका यांनी ‘टॅन’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू तपासला. डाव्या अर्धाच्या पुढील भागाला इजा झालेली होती. १८७४ साली कार्ल वेर्निके यांनी दाखवले, की त्याच अर्धाच्या मागच्या भागाला इजा झाली तर माणूस भरभर बोलतो, पण बोलणे त्याला नीट समजत नाही.

१८९२ साली पॅरिसमध्ये देजेरीन यांनी वर्णिलेला रुग्ण तर फारच विलक्षण होता. तो बोलत होता, लिहितही होता. पण स्वतः लिहिलेले त्याला वाचता येत नसे. अंक मात्र तो ओळखी, हिशेबही करी. अक्षरावरून बोट फिरवले, की ते त्याला ओळखू येई! डोळ्यांनी टिपलेली अक्षरे डाव्या अर्धातील भाषेच्या केंद्रांपर्यंत पोहोचण्याची वाटच तुटली होती. अंकांची ओळख मात्र मेंदूच्या दोन्ही अर्धांना असते, असे पुढील संशोधनातून दिसले.

बोलणे मूल ऐकत ऐकत शिकते. लेखनकला मात्र जेमतेम ५००० वर्षांची. वाचनाची वाट प्रत्येक मेंदूत शिकवूनच घडवावी लागते.

गणितात हुशार, पण वाचताना अडखळणारे मूल ‘आळशी’ ठरते ते येथेच. त्याच्या मेंदूला इजा झालेली नसते. वाट घडायला अडचण येत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मात्र आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील ठाकर किंवा महादेव कोळी मूल अडखळले, तर आधी पाहावे: पुस्तकातली भाषा त्याच्या घरची आहे का? भाषेचे अनोळखीपण म्हणजे दोष नव्हे. हा फरक वर्गात सर्वांत आधी शिक्षकालाच दिसू शकतो.