चौलचा कवडसा : डोळा कसा पाहतो, हे माणसाला कसे कळले?

१/ डोळ्यातून काही बाहेर पडते म्हणून आपल्याला दिसते, की बाहेरून काही डोळ्यात येते म्हणून? आज शाळेत दोन ओळींत मिळणारे हे उत्तर सापडायला सुमारे दोन हजार वर्षे लागली. ही कथा रायगड किनाऱ्यावरील चौलपासून सांगता येते.

२/ हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६-१७. बगदादचा अल्-मसुदी ‘सैमूर’ बंदरात, म्हणजेच चौलला आला. शिलाहार राजा झंझ याचा तो काळ. येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असून त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले लोक आहेत, अशी नोंद त्याने केली.

३/ मालाबरोबर विद्याही प्रवास करीत होती. त्याआधीच बगदादमध्ये बर्मकी वजीर याह्या याच्या आज्ञेवरून सुश्रुतसंहिता अरबीत उतरली होती. तो ग्रंथ चौलहूनच गेला, असे मात्र कोणी समजू नये.

४/ सुश्रुतसंहितेत डोळ्याची पाच मंडले, सहा संधी आणि सहा पटले सांगितली आहेत. ‘दृष्टी’ मसुराच्या डाळीएवढी म्हटली आहे. मोतीबिंदू सरकवण्याची शस्त्रक्रियाही तेथे आहे. शिष्याने रुग्णाला हात लावण्यापूर्वी कोहळ्यासारख्या फळांवर छेदनाचा सराव करावा, असा दंडक होता.

५/ परंतु रचना ठाऊक असणे वेगळे आणि क्रिया उमगणे वेगळे. न्यायदर्शनाच्या मते डोळ्याचे तेज बाहेर जाऊन वस्तूला भिडते; बौद्ध तार्किकांना ते अमान्य होते. ग्रीक यूक्लिडनेही डोळ्यातून निघणारे किरणच गृहीत धरले.

६/ चौलला ज्यांचे व्यापारी वसले होते, त्याच बसऱ्यात इ.स. ९६५ च्या सुमारास इब्न अल्-हैथम जन्मला. त्याचा सवाल साधा होता : प्रखर सूर्याकडे पाहताच डोळा दुखतो. डोळाच किरण सोडत असेल, तर इजा त्यालाच का व्हावी?

७/ त्याने अंधाऱ्या जागेच्या छिद्रासमोर अनेक दिवे मांडले. आत तितकेच प्रकाशाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि छिद्रात एकमेकांत मिसळत नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

८/ कोकणातल्या कौलारू घरात हाच धडा रोज जमिनीवर उमटतो. कौलातील फट वेडीवाकडी असली, तरी उंचावरून पडणारा कवडसा गोल दिसतो. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते.

९/ तरीही इब्न अल्-हैथमने दृष्टीचे स्थान डोळ्याच्या भिंगातच मानले. १६०४ साली केप्लरने ती चूक दुरुस्त केली : भिंग केवळ प्रकाश एकवटते, चित्र मागच्या दृष्टिपटलावर पडते आणि तेही उलटे! पुढे शायनरने बैलाच्या डोळ्याचे मागचे आवरण काढून ते उलटे चित्र प्रत्यक्ष पाहिले.

१०/ मग जग सुलटे का दिसते? दृष्टिपटलावरील संकेत दृष्टिचेता मेंदूकडे नेते आणि त्यांचा अर्थ तेथे लागतो. डोळा प्रकाश गोळा करतो. पाहणे मेंदूत पूर्ण होते.

११/ चौलच्या एखाद्या वर्गात भर दुपारी खिडक्या बंद करून एकच बारीक छिद्र ठेवले आणि समोर पांढरा कागद धरला, तर बाहेरची नारळाची झाडे त्यावर उलटी उभी राहतील. डोळा शिकवण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही. (समाप्त)