कोरेज्म आणि शिमगा

मालवण भागातली बरीच ख्रिस्ती घरं मूळची गोव्याची. ईस्टरआधीच्या, रविवार सोडून चाळीस दिवसांच्या उपवासाला गोव्यात कोरेज्म म्हणतात. माझ्या बाकावरचा मुलगा राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून शाळेत यायचा. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ती करतात. त्या झावळ्या त्याचा बापूस आमच्याच माडाच्या नेई. शुक्रवारी त्याला मटण बंद, मासे चालत. "ह्यो कसलो रे उपास?" आम्ही चिडवायचो. सोमवारी आमच्या डब्यात मासे नसत, तेव्हा तो चिडवी.

बहुतेक वर्षी उपवासातच शिमग्याचे ढोल. दोन्ही सण चंद्रावर ना! साधारण २१ मार्चपासूनच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२४ साली ती पौर्णिमा होळीचीच होती.

त्याचं घर आता बंद असतं. झावळ्या न्यायला चर्चची पोरं येतात.