'टर्निंग पॉइंट' लिहिण्याआधी धरणगावचा इतिहास एकदा वाचा

परवा एक प्रेसनोट आली. एका कामाच्या भूमिपूजनाची. शेवटची ओळ होती, "हे काम शहराच्या विकासासाठी टर्निंग पॉइंट ठरेल." मी ती तशीच छापायला पाठवली. वीस वर्षांत अशा किती ओळी पाठवल्या असतील, मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी बातमी वाचली आणि एवढंच म्हणाले, "भो, ते समदं ठीक शे, पन पानी कव्हय?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय. मराठीत त्याला कलाटणी म्हणा, वळण म्हणा, अर्थ एकच. आधी एका दिशेने चाललेलं काहीतरी त्या जागेपासून दुसऱ्या दिशेला गेलं आणि परत पहिल्या वाटेला आलं नाही. मग हा शब्द कुठे शोभतो? आपल्याच गावाच्या इतिहासातून बघू.

सगळ्यात सोपं उदाहरण बालकवींचं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, आपलं धरणगाव. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथे या कोवळ्या पोराने कविता म्हटली, मोठमोठे लोक चकित झाले आणि 'बालकवी' हे नाव त्याला कायमचं चिकटलं. रेव्हरंड टिळकांचा आधार मिळाला. आता वाक्य करा : '१९०७ चं जळगावचं संमेलन हा ठोंबरेंच्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट होता.' वाक्य चोख आहे. कुणाचा, कधी, कशामुळे, तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. आणि क्रियापद बघा, 'होता'. 'ठरेल' नाही.

आता अवघड उदाहरण. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. डोंगरातल्या भिल्लांना बंदुकीच्या जोरावर वठणीवर आणायचा प्रयत्न पुढे सात वर्षं चालला, जमलं नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट इकडे आला. त्याने भिल्लांनाच फौजेत घेतलं. ही खानदेश भिल्ल कोअर, आणि तिचं ठाणं आपल्या धरणगावात. हा खानदेशातला टर्निंग पॉइंट, असं इंग्रजांच्या नजरेने लिहिलेला इतिहास सांगतो.

पण कुणासाठी? कंपनीसाठी नक्कीच. वाटा सुरक्षित झाल्या, वसुली सुरळीत झाली. भिल्लांच्या बाजूने बघा. ज्या डोंगरवाटांवर आणि गावांवर त्यांचे जुने हक्क होते, तिथे आता सरकारी पगार आणि सरकारी हुकूम आला. काहींना भाकरी मिळाली, हेही खरं. पण सगळं कायमचं शांत झालं असतं, तर १८५७ मध्ये खाज्या नाईक उठलाच नसता. एकेकाळी सेंधव्याचा घाट सरकारतर्फे राखणारा हा माणूस. भीमा नाईक त्याच्यासोबत. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली, कितीतरी भिल्ल मारले गेले. म्हणून 'औट्रमची भिल्ल कोअर हा टर्निंग पॉइंट होता' हे वाक्य अर्धवट आहे. 'कंपनीच्या राज्यासाठी' हे दोन शब्द जोडले की ते खरं होतं. ते गाळले तर एका बाजूचा इतिहास सगळ्यांच्या नावावर चढतो.

तिसरं उदाहरण जरा टोचणारं.

इंग्रजांची वखार धरणगावात १६७४ ला होती. १६७५ मध्ये आणि पुन्हा १६७९ मध्ये मराठी फौजांनी हे गाव लुटलं. लूट कुठे होते? जिथे पैसा असतो तिथे. कापड आणि कागद या मालासाठी इथली पेठ नावाजलेली होती. आणि जळगाव? त्याचं तेव्हा एवढं नाव नव्हतं.

मग १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे मुंबईहून भुसावळकडे गेली. रूळ जळगाववरून पडले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाड्या जिथे रेल्वे तिथे वळल्या. जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाली. सुरतेकडून येणारी तापी व्हॅली रेल्वे आपल्याकडे पोचली ती १९०० च्या आसपास. तोवर एक पिढी निघून गेली होती. १९०६ ला खानदेशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण जळगाव झालं.

माझ्या मते धरणगावच्या इतिहासातला खरा टर्निंग पॉइंट हाच. आणि तो धरणगावात घडलाच नाही! तो तीसेक किलोमीटरवर घडला. ना नारळ फुटला, ना कुणी भाषण केलं. रूळ आपल्याकडे येण्याऐवजी दुसरीकडून गेले, एवढंच. त्या दिवशी आपल्या पेठेतल्या कुठल्या व्यापाऱ्याला वाटलं असेल की आज आपलं नशीब फिरलं?

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केलेत. एक, 'टर्निंग पॉइंट' भविष्यकाळात लिहायचा नाही. दोन, 'कुणासाठी' हे लिहिल्याशिवाय शब्द वापरायचा नाही. तीन, जे झालं ते बघायचंच, पण आपल्याकडे जे आलं नाही, तेही बघायचं. कुठला रस्ता बाजूने गेला, कुठलं कार्यालय दुसरीकडे हललं, कुठली शाळा मुलांअभावी बंद पडली. गावाची वळणं बहुतेक वेळा अशी मुकी असतात आणि त्यांची प्रेसनोट येत नाही. ती शोधणं हे आम्हा पत्रकारांचं काम. त्यात मीही कमी पडलो, हे कबूल.

नळाला रोज पाणी यायला लागलं आणि पुढची पाच वर्षं येत राहिलं, तर त्या बाबांना शोधून काढीन आणि त्यांच्यासमोर बसून वाक्य लिहीन. भूतकाळात.

तुमच्या पाहण्यातलं आपल्या गावाचं असं मुकं वळण कोणतं? खाली नक्की लिहा. घरात जुनी माणसं असतील तर त्यांना आजच विचारा.